दोन काकाजी, तीन खिडक्या

गांधीजी येऊन गेले नाहीत असं गाव वर्धा जिल्ह्यात शोधूनही सापडत नाही. आर्वीपासून समुद्रपूरपर्यंत कुठल्याही पारावर बसा, चहा सांगा आणि विषय काढा, कुणीतरी हमखास बोट दाखवून सांगतं, "ते कडुनिंबाचं झाड दिसून राहिलं ना, तिथंच उतरले होते बापूजी." बापूजी १९३४ साली वर्ध्याला मुक्कामाला आले, १९३६ मध्ये सेगावात राहायला गेले आणि १९४० मध्ये त्या सेगावचं सेवाग्राम झालं. मधले दौरे आणि तुरुंगवास वजा जाता जे दिवस उरतात, तेवढ्यात त्यांनी ही सगळी गावं करायची म्हटली असती तर सूत कातायला सवडच मिळाली नसती.

आमच्याही गावात ते आले होते. किंवा येणार होते. किंवा त्यांची मोटार शाळेसमोरून गेली होती. ही तीन वाक्यं तीन फायलींमध्ये आहेत. त्या तिन्हींची एक फाइल करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

झालं असं की गावची शाळा शंभर वर्षांची झाली आणि गावानं स्मरणिका काढायचं ठरवलं. स्मरणिका कशी निघते हे ज्यांनी काढली आहे त्यांना सांगायला नको. आधी कृषी केंद्राच्या, दागिन्यांच्या दुकानाच्या आणि 'सौजन्य : एक हितचिंतक' अशा जाहिराती गोळा होतात, मग त्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये मजकूर लागतो. हा मजकूर जमवण्यासाठी संपादक म्हणून आमचे मोठे काकाजी, कार्यकारी संपादक म्हणून धाकटे काकाजी आणि सगळ्यांत बारीक टायपात 'संपादन साहाय्य' म्हणून मी. मी वर्ध्यात मुद्रितं तपासायची कामं करतो. त्यामुळे 'याले मराठी येते' अशी अफवा आमच्या घराण्यात पूर्वीपासूनच आहे.

मोठे काकाजी निवृत्त मुख्याध्यापक, राहायला रामनगरात. धाकटे विजेच्या खात्यातून निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे गेले. विहिरीवरच्या मोटारीचं बिल कुणी भरायचं यावरून दोघांचं बोलणं बंद आहे, ते आता बंदच राहणार असं सगळ्यांनी धरून चाललं आहे. पण लिहिणं बंद नाही. मोठ्यांनी लिहिलेलं धाकटे सुधारतात, धाकट्यांनी सुधारलेलं मोठे होतं तसं करतात आणि दर खेपेला फाइल माझ्याकडे येते. 'स्मरणिका फायनल', 'स्मरणिका फायनल नवीन', 'फायनल काकाजींनी पाहिलेली', 'हीच घ्यावी', 'हीच घ्यावी २', आणि एक नुसतीच 'नवीन फाइल', जी सगळ्यांत जुनी निघाली.

आमच्या धंद्याची जुनी रीत अशी, की एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं छापलेल्यावर पेन्सिल धरून बसायचं. वाचणाऱ्यानं स्वल्पविराम, अर्धविराम, अवतरणचिन्ह सुरू, अवतरणचिन्ह बंद, सगळं तोंडानं म्हणायचं. आमच्याकडे वाचायचं काम बायको करायची. जुन्या छापखान्यांत या माणसाला कॉपी-होल्डर म्हणत आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार असे, हे तिला कुठूनसं कळलं, तेव्हापासून ही रीत बंद पडली. मग मी दोन्ही प्रती टेबलावर पसरून, डाव्या हाताचं बोट एकीवर आणि उजव्या हाताचं दुसरीवर ठेवून वाचायला लागलो. घाम पुसायला तिसरा हात नव्हता.

तान्ह्या पोळ्याला भाचा आला. तो हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. दाराशीच उभा राहून त्यानं माझा हा प्रकार पाहिला आणि म्हणाला, "मामाजी, काहून डोये फोडून राहिले? यासाठी टूल असते ना."

टूल असते, आणि फुकट असते, हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं विनमर्ज नावाचं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्यात दोन फायली टाकल्या की पडद्याचे उभे दोन भाग होतात, डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरी. जिथे दोघांचं जमतं तिथे पांढरं. जिथे जमत नाही तिथे हळदीच्या रंगाचा पट्टा. अगदी कडेला एक अरुंद पट्टी असते, तिच्यात अख्ख्या फायलीचा नकाशा, म्हणजे भांडण कुठे कुठे पेटलं आहे ते एका नजरेत दिसावं. वर बाण असतात. उजवा बाण दाबला की डावीकडचं उजवीकडे जातं, डावा दाबला की उलट. माझ्या उमेदीच्या काळात हे यंत्र मिळालं असतं तर चष्म्याचा नंबर निम्मा राहिला असता.

पहिल्या दिवशी दोन्ही काकाजींच्या प्रती टाकल्या तर पडदा वरपासून खालपर्यंत हळदीचा. पांढरी ओळ औषधालाही नाही.

भाच्यानं खुलासा केला. मोठे काकाजी तोंडी सांगतात आणि एका दुकानातला मुलगा ते जुन्या फॉन्टात टाइप करतो. त्या फॉन्टात कागदावर 'शाळा' उमटते, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी असते. धाकटे काकाजी मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहितात. त्यांच्या 'शाळे'च्या पोटात शाळाच असते. यंत्र पोट पाहतं, चेहरा पाहत नाही. तेव्हा मोठ्यांची प्रत आधी युनिकोडमध्ये वळवून घेतली.

तरीही हळद. आता ओळींच्या शेवटांचा घोळ. विंडोजवर ओळ संपली की दोन अदृश्य खुणा पडतात, काही यंत्रांवर एकच. तेवढ्यावरून यंत्र ओळीच्या ओळी वेगळ्या ठरवतं. त्याला एक बटण आहे. दुसरं एक बटण आहे त्याचं नाव मला फार आवडलं: रिकाम्या जागेकडे दुर्लक्ष करा. ते दाबल्याबरोबर अर्धी हळद उतरली. हे बटण लग्नकार्यात मिळायला हवं.

यानंतर जे उरलं ते मात्र आमचं अस्सल मराठी दुखणं. प्रत्येक ओळीत कुठे ना कुठे एखादा शब्द रंगलेला, आणि डाव्या-उजव्या दोन्ही शब्दांत मला काडीचा फरक दिसेना. चष्मा पुसला, भिंग लावलं. 'शेतकऱ्यांच्या' डावीकडे, 'शेतकऱ्यांच्या' उजवीकडे. 'पऱ्हाटी' आणि 'पऱ्हाटी'. 'वऱ्हाडी' आणि 'वऱ्हाडी'. कारण हे, की या आडव्या रफाराचा 'र' संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत त्याचं स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त जोडायचा. दुसऱ्या तऱ्हेत साधा 'र', मग हलन्त, आणि मग एक न दिसणारा जोडक, ज्याला रुंदीच नाही. कागदावर दोन्ही हुबेहूब. यंत्राच्या लेखी दोन निराळे शब्द. आता वर्धा जिल्ह्यातल्या शाळेच्या शंभर वर्षांच्या इतिहासात शेतकरी आणि पऱ्हाटी किती वेळा येत असतील याचा अंदाज वाचकांनीच करावा.

'ॲड.'चंही तसंच. 'ॲ' हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची मंडळी 'अ'वर चंद्र बसवून काम भागवत, आणि जुन्या मजकुरात अजून तेच आहे. त्यामुळे देणगीदारांच्या यादीतले सगळे वकील रंगले. वकिलांची यादी आणि वाद नाही, असं व्हायचंच नव्हतं.

गंमत म्हणजे जिथे मला फरक ढळढळीत दिसतो तिथे यंत्र शांत. मराठी वळणाचा 'ल' आणि हिंदी वळणाचा 'ल', किंवा दोन तऱ्हांचे 'श', यांवरून माणसं शासनापर्यंत गेली. २००९ साली वर्णमालेचा शासननिर्णय निघाला त्यात या अक्षरांची मराठी वळणं ठरवून दिली. वर्धा तर राष्ट्रभाषा प्रचार समितीचं गाव, १९३६ पासून हिंदी इथे शेजारीण आहे, हिंदी वळणाचा 'ल' पाहून आमच्या पोटात रोज गोळा उठतो. पण तो सगळा फॉन्टचा कारभार. पोटात अक्षर एकच. यंत्र म्हणतं, दोन्ही फायली अगदी सारख्या आहेत.

दोन्ही प्रतींत 'र' आणि 'ॲ' यांचं एकेक रूप करून घेतलं आणि मग पडद्यावर शेवटी खरी भांडणं तेवढी राहिली.

त्यातलं पहिलं अनुस्वारांचं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनानं मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांना त्यांत रजा मिळाली. मोठ्या काकाजींनी ही रजा मंजूर केलेली नाही. त्यांच्याकडे अजून 'कांहीं', 'नाहीं', 'घरें' आणि 'झाडें' आहेत. त्यांचं म्हणणं, मी ज्या साली शिकलो त्या साली हे बरोबर होतं. बरोबर गोष्ट मागाहून चूक कशी होईल? धाकटे काकाजी ते टिंब पाहिलं की खोडतात. मोठे ते पुन्हा देतात. यंत्राच्या कडेच्या नकाशात हा भाग पुरळ उठल्यासारखा दिसत होता.

दुसरं भांडण मोठं. शताब्दीच्या व्यासपीठावर बसणाऱ्या मान्यवरांची यादी. मोठे काकाजी तिथे तिसऱ्या क्रमांकावर होते. धाकट्यांनी त्यांना पाचव्यावर नेलं. हे मी शांतपणे पडद्यावर पाहत असताना नेमके मोठे काकाजी दुपारचे आले, कूलरसमोरची खुर्ची ओढून बसले आणि त्यांची नजर पडद्याकडे गेली. डावीकडे त्यांचं नाव. उजवीकडे त्याच्या बरोबर समोर एक लांबलचक करडी रिकामी पट्टी.

काकाजी कागदावर 'अस्मादिक' लिहितात. संतापले की मात्र गावचं बोलतात.

"कोनं डिलीट केलं मले?"

"काकाजी, डिलीट नाही. ते पाहा, खाली आहे तुमचं नाव. फक्त दोन ओळी सरकवलं."

"मंग तिथं हिरवं-पिवळं काहून दिसून राहिलं?"

"तिथे नव्यानं घातलं असं यंत्र समजतं."

"म्हंजे एका जागून काढलं आन् दुसऱ्या जागी घातलं. तेच तर सांगून राहिलो मी!"

आता यात यंत्राची बाजू मांडली पाहिजे, कारण ते स्वतः बोलत नाही. हे जे तुलना करायचं गणित आहे ते अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधलं. डग्लस मॅकिलरॉय यांची 'डिफ' नावाची आज्ञावली १९७४ च्या युनिक्समध्ये आली आणि जेम्स हंट यांच्याबरोबर त्यांनी तिच्यामागचं गणित १९७६ साली लिहून प्रसिद्ध केलं. गणित असं: दोन्ही याद्यांत त्याच क्रमानं येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब साखळी शोधा. ती साखळी जशीच्या तशी राहिली असं माना. तिच्यात न बसणारं जे काही असेल ते डावीकडून काढलेलं आणि उजवीकडे घातलेलं. 'सरकवलं' हा शब्द या गणिताच्या कोशात नाहीच. यादीतला एक माणूस खाली गेला की बाकीच्या सगळ्यांची साखळी लांब राहते, म्हणून तो एकटा साखळीबाहेर. पन्नास वर्षं सगळं जग या गणितावर चाललं आहे. विनमर्जमध्ये हललेल्या ओळी ओळखायची सोय आहे, ती मी लगेच चालू करून दाखवली. काकाजींचं समाधान झालं नाही. त्यांच्या मते मॅकिलरॉय नावाच्या माणसाला आपल्याकडची व्यासपीठं बरोबर कळली होती, ही सोय मागाहून कुणीतरी भिडेखातर केली.

एका ओळीपाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. शाळेत पहिल्या तुकडीत शिकलेल्या मुलींपैकी एकीची लेक, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, तिची आठवण कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्ड करून तशीच उतरवून घेतली होती: 'मले मास्तरनं पाटी देल्ली.' मोठ्या काकाजींनी ती सुधारली: 'मला गुरुजींनी पाटी दिली.' यंत्रानं शब्दागणिक तुलना केली. 'मले' रंगलं, 'मास्तरनं' रंगलं, 'देल्ली' रंगलं. पांढरी राहिली ती पाटी. बाण दाबताना मी काकाजींना विचारलं नाही, म्हातारीची ओळ ठेवली. संपादन साहाय्य या हुद्द्याला तेवढा अधिकार असावा असं माझं मत आहे.

तर हे दोन खिडक्यांचं झालं. खरी मौज तिसऱ्या खिडकीत आहे.

दोन प्रती समोरासमोर ठेवल्या की फरक कळतो, पण बदल कुणी केला ते कळत नाही. मोठ्यांनी घातलं की धाकट्यांनी काढलं? त्यासाठी दोघांनी जिच्यावरून सुरुवात केली ती मूळ प्रत लागते. ती मध्ये ठेवली की गणित सोपं होतं: एकानं बदललं आणि दुसऱ्यानं हात लावला नाही, तर यंत्र मुकाट्यानं बदल घेतं, कुणाला विचारत नाही. दोघांनीही तीच ओळ निरनिराळी बदलली असेल तरच ते तुम्हाला हाक मारतं. भाच्याच्या लॅपटॉपवर मेल्ड नावाचं सॉफ्टवेअर होतं, त्यात तीन खिडक्या शेजारी शेजारी उघडतात आणि बदललेल्या ओळी वळणदार पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या दिसतात. भर घातलेलं हिरवं, बदललेलं निळं, खरोखरचं भांडण लाल. दिसायला देखणं. त्याहून कामसू केडिफ-थ्री. त्याला रूप नाही, पण वर ए, बी, सी अशा तीन प्रती, त्यातली ए मूळ, आणि खाली जुळवलेली चौथी. प्रत्येक भांडणापाशी ए घ्या, बी घ्या, सी घ्या, नाहीतर हातानं लिहा. आणि एक अट आहे. सगळी भांडणं मिटल्याशिवाय ते फाइल जतनच करू देत नाही. तसा निरोप पडद्यावर येतो. मी तो निरोप दोन्ही काकाजींना पाठवला. दोघांनीही 'बरोबर आहे, त्याला सांगा' असं उत्तर पाठवलं.

अडचण मूळ प्रतीची. शाळेच्या अमृतमहोत्सवाला एक स्मरणिका निघाली होती. आत्ताचा सगळा मजकूर तिच्यावरूनच घेतलेला, हे दोघांनाही मान्य. पण ती स्मरणिका कुणाकडेच नाही. शाळेत होती ती वाळवीनं खाल्ली. मोठ्यांच्या मते त्यांची प्रत धाकट्यांनी नेली. धाकट्यांच्या मते मोठ्यांनी ती रद्दीत घातली. शिवाय 'तो लेख मुळात मीच लिहिला होता', हेही दोघं सांगतात. मूळ प्रत नसली की यंत्राला तीन खिडक्या देऊनही उपयोग नाही. प्रत्येक फरक लाल.

आणि सगळ्यांत लाल ती गांधीजींची ओळ. मोठे काकाजी: 'पूज्य महात्माजींनी शाळेस भेट देऊन मुलांस उपदेश केला.' धाकटे काकाजी: 'गांधीजींची मोटार शाळेसमोरून गेली.' सरपंचांच्या मुलानं तिसरी प्रत धाडली, तिच्यात: 'गांधीजी येणार होते, पण पाऊस झाला.' मी चंदुलाल दलालांचा १९७१ चा इंग्रजी ग्रंथ काढून पाहिला, त्यात १९१५ ते १९४८ पर्यंतचा गांधीजींचा तारीखवार मुक्काम आहे. आमचं गाव त्यात नाही. मोठे काकाजी म्हणाले, दलालांच्या नजरेतून सुटलं असेल. धाकटे म्हणाले, बरोबरच आहे, मोटार थांबली नाही तर लिहिणार काय?

यावर हसण्याआधी गांधीजींच्या स्वतःच्या शब्दांचं काय झालं ते पाहा. त्यांच्या समग्र वाङ्मयाचं काम १९५६ मध्ये सुरू झालं, पहिला खंड १९५८ मध्ये आला, शंभरावा १९९४ मध्ये. पुढे काही वर्षांतच त्याची सुधारित आवृत्ती काढली गेली, सीडीवरही आली. अभ्यासक दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ओळीओळीनं ताडून बघायला बसले, तर सुधारित आवृत्तीत गाळलेलं आणि चुकलेलं एवढं निघालं की सरकारला ती मागे घ्यावी लागली. मूळचे शंभर खंड कपाटांत जागच्या जागी होते म्हणून हे जमलं. तिथे 'ए' प्रत होती.

ती नसते तेव्हा एकनाथांसारखा माणूस लागतो. ज्ञानेश्वरीच्या नकला करकरून पाठ इतके बिघडले होते, की नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कुणी पदरची ओवी घुसडू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. त्यानंतर सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ साली, इतिहासाचार्य राजवाड्यांनी नाथांच्या आधीची म्हणून दुसरीच प्रत छापली. म्हणजे 'हीच घ्यावी' आणि 'हीच घ्यावी २' ही आपली जुनी परंपरा आहे.

पण या विद्येची खरी शिकस्त पुण्याच्या भांडारकर संस्थेत झाली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती: १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पूर्ण, १२५९ हस्तलिखितं. १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. त्यांच्याकडे चौकटी आखलेले मोठे कागद असत. वरच्या ओळीत श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका हस्तलिखिताला एकेक ओळ, जिथे पाठ वेगळा तिथेच त्या चौकटीत वेगळं अक्षर. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, हे तर केडिफच झालं, विजेबिगर." झालंच. फक्त तीन प्रतींऐवजी एकेका पर्वाला डझनावारी प्रती, आणि बटण दाबायला संस्कृतचे पंडित.

आणि एक गोष्ट त्या पंडितांकडे होती, जी या यंत्रांपैकी एकातही मला सापडली नाही. पाठ ठरवला, पण मनातून खात्री नाही, असं जिथे झालं तिथे त्यांनी शब्दांखाली नागमोडी रेघ छापली. आम्ही हे घेतलं आहे, पण पैज लावू नका, एवढाच त्या रेघेचा अर्थ. यंत्र म्हणतं ए घे, बी घे, सी घे. आणि एकदा घेतलं की सगळं सारखंच पांढरं, खात्रीचं आणि बेखात्रीचं एका रांगेत. गोपुरीला गीताई मंदिरात विनोबांचे अठराही अध्याय दगडावर कोरले आहेत, तिथे नागमोडी रेघ नसली तरी चालतं. कोरताना तेवढी खात्री असणारे लोक होते. आमच्या गावात तसं नाही. (मोठ्या काकाजींना सध्या गोपुरीकडे नेऊ नये अशी घरच्यांना विनंती. दगडाची कल्पना सुचायला वेळ लागत नाही.)

तेव्हा मी सुखटणकरांचा मार्ग धरला. ओळ अशी केली: 'गांधीजी आमच्या शाळेपर्यंत आले होते', आणि तिच्याखाली अगदी व्यवस्थित नागमोडी रेघ मारली. 'पर्यंत'वर धाकटे खूश, कारण मोटारही शाळेपर्यंतच आली होती. 'आले होते'वर मोठे खूश. सरपंचांच्या मुलाला पाऊस हवा होता, त्याला पुरावरच्या एका लेखात पाऊस दिला. भांडणं संपली, केडिफनं फाइल जतन करू दिली, आणि मी ती छापखान्यात पाठवली.

छापखान्यातल्या मुलानं ती रेघ काढून टाकली. शब्दाखाली नागमोडी रेघ दिसली की शब्द चुकला आहे, असं वर्डमध्ये काम करणारा कोणीही समजतो. त्यानं शब्द तपासला, बरोबर निघाला, रेघ उडवली. एवढ्या काळजीनं काम करणारा मुलगा आजकाल मिळत नाही. परिणाम एवढाच, की आता छापील पुराव्यानिशी गांधीजी आमच्या शाळेपर्यंत आले होते. पन्नास वर्षांनी कुणी ताडून पाहायला बसेल तेव्हा मूळ प्रत म्हणून हीच त्याच्या मधल्या खिडकीत असेल.

ज्यांच्यावर असं काम येईल त्यांच्यासाठी माझं मत देऊन ठेवतो. विंडोजवर असाल तर विनमर्ज पुरे. तीन प्रती असतील तर केडिफ-थ्री, रूपाकडे पाहू नका. पैसे मोजून मिळणारी बियाँड कम्पेअरसारखी आणखीही आहेत, पण स्मरणिकेच्या जमाखर्चात तो आकडा कुठल्या हितचिंतकाच्या नावावर घालणार? मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा, 'र' एका जातीचा करा, आणि फायलीच्या नावात 'फायनल' हा शब्द घालणाऱ्याला समितीतून कमी करा. नावात तारीख घाला.

आणि एक विनंती. आमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची प्रत आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर, पेटीत किंवा पापडाच्या डब्याखाली असेल तर कृपया माझ्याकडे पाठवावी. पानं फाटलेली चालतील, मुखपृष्ठ नसलं तरी चालेल, टपालखर्च आम्ही देऊ. फक्त तिच्यात आमच्या कुठल्याही काकाजींनी पेनानं दुरुस्त्या केलेल्या नसाव्यात.